माद्रिदचा विद्यार्थी-संप, मार्च १९२९: जुन्या वर्तमानपत्रांतून ते दहा दिवस कसे उभे करायचे

मार्च १९२९ मध्ये माद्रिदच्या विद्यार्थ्यांनी प्रिमो दे रिवेराच्या हुकूमशाहीला तोंड दिलं. त्या दिवसांची बरीचशी छापील कागदपत्रं आज घरबसल्या, फुकट वाचता येतात. अडचण आहे ती सेन्सॉरची. त्या काळचं वर्तमानपत्र उघडून 'त्या दिवशी काय झालं' हे थेट शोधायला गेलात, तर हाती बहुधा सरकारी निवेदन लागतं आणि नवखा वाचक तेच इतिहास म्हणून उतरवून घेतो. म्हणून वाचनाचा क्रम ठरवून घ्यायचा: आधी राजपत्र, मग सरकारी निवेदनं, मग वर्तमानपत्रांमधले फरक आणि त्यांची मौनं, त्यानंतर सीमेपलीकडची पत्रं, आणि आठवणी सर्वांत शेवटी.

आधी एवढं माहीत हवं

जनरल मिगेल प्रिमो दे रिवेराने १३ सप्टेंबर १९२३ रोजी बार्सेलोनातून बंड करून सत्ता घेतली. राजा अल्फोन्सो तेरावा याने त्याला मान्यता दिली आणि वर्तमानपत्रांवर पूर्व-सेन्सॉरशिप बसली, म्हणजे छापण्याआधीच मजकूर तपासून घ्यावा लागे. विद्यापीठाशी सरकारचं भांडण लवकर सुरू झालं. सालामांका विद्यापीठातले लेखक-प्राध्यापक मिगेल दे उनामुनो यांना फेब्रुवारी १९२४ मध्ये फुएर्तेव्हेंतुरा बेटावर हद्दपार केलं. माद्रिदचे फौजदारी कायद्याचे प्राध्यापक लुईस हिमेनेस दे आसुआ यांना १९२६ मध्ये मोरोक्कोच्या किनाऱ्याजवळच्या चाफारिनास बेटांवर पाठवलं. शेतकी अभियांत्रिकीचा विद्यार्थी अंतोनिओ मारिआ स्बेर्त याला १९२५ मध्येच माद्रिदबाहेर काढलं होतं. पुढे १९२६-२७ च्या सुमाराला उभी राहिलेली विद्यार्थी संघटना, फेदेरासिओन उनिवेर्सितारिया एस्कोलार, म्हणजे 'फुए', याच स्बेर्तच्या नावाने ओळखली गेली. कॅथलिक विद्यार्थ्यांची संघटना तिच्या आधीपासून होती आणि दोघींचं पटत नव्हतं. बातमीत नुसतं 'विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींनी' असं आलं की कोणत्या संघटनेचे, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारा.

ठिणगी पडली ती शिक्षणमंत्री एदुआर्दो कायेहो यांच्या १९ मे १९२८ च्या फर्मानातल्या कलम ५३ वरून. वीस वर्षांहून जुन्या उच्च शिक्षणसंस्थांच्या विद्यार्थ्यांची परीक्षा विद्यापीठातच व्हायची, पण परीक्षक मंडळात दोघे त्या संस्थेचेच शिक्षक आणि अध्यक्षस्थानी विद्यापीठाचा एक प्राध्यापक, असं ते कलम सांगत होतं. तिघांतली दोन मतं संस्थेची. ही सवलत प्रत्यक्षात पोचत होती दोन ठिकाणी: एल एस्कोरिआलचं ऑगस्टिनियन पंथाचं महाविद्यालय आणि बिल्बाओजवळच्या देउस्तोचं जेझुइटांचं. पदवीवर वकिली, सरकारी नोकरी सगळं अवलंबून असल्यामुळे हा प्रश्न धर्माचा जितका होता तितकाच पोटाचाही होता. नुसत्या 'धर्मवादी विरुद्ध पुरोगामी' या चौकटीतून वाचलंत तर मध्यममार्गी विद्यार्थीही संपात का उतरले हे कळणार नाही.

पायरी पहिली: कॅलेंडर स्वतः बनवा

कागदावर ९ ते १८ मार्च १९२९ असे दहा दिवस आखा आणि प्रत्येकासमोर वार लिहा. ९ मार्चला शनिवार होता, १० आणि १७ ला रविवार, १६ ला शनिवार. वार कशाला? कारण रविवारच्या सुट्टीच्या नियमामुळे सकाळची पत्रं सोमवारी निघत नसत आणि संध्याकाळची रविवारी. दोन सकाळची आणि दोन संध्याकाळची अशी चार पत्रं घेतलीत तर दहा दिवसांचे चाळीस नव्हे, बत्तीस अंक व्हायला हवेत. हे आधी मांडलं नाही तर 'सोमवारी बातमी दाबली' असा निष्कर्ष काढून माणूस मोकळा होतो. सोमवारी मुळात अंकच नव्हता.

एखादा दिवस मधूनच गायब दिसला तर अंकाच्या डोक्यावरचा क्रमांक पाहा. तारीख तुटली पण क्रमांक सलग असेल, तर त्या दिवशी पत्र निघालंच नाही: सुट्टी असेल, संप असेल किंवा सरकारने बंद ठेवायला लावलं असेल. क्रमांकही तुटला असेल तर अंक निघाला होता, ग्रंथालयाकडे प्रत नाही. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो कळायला अर्धा मिनिट लागतो.

कॅलेंडरवर सणही टाका. ७ मार्च हा त्या वेळी संत थॉमस अक्वायनसचा दिवस, म्हणजे विद्यार्थ्यांचाच सण. त्या दिवशी वर्ग रिकामे होते म्हणून संप झाला, असं म्हणता येत नाही. त्या वर्षीचा ईस्टर ३१ मार्चला होता, म्हणजे पवित्र सप्ताह २४ पासून. सुट्ट्या तोंडावर आलेल्या असताना सरकार आणि विद्यार्थी दोघांचीही घाई वेगळ्या प्रकारची असते. शैक्षणिक वर्षही खुणेने मांडा: ऑक्टोबरला सुरुवात, जूनमध्ये परीक्षा, नापासांसाठी सप्टेंबर. वर्गबहिष्काराचा जोर जानेवारी ते मार्च का, आणि परीक्षा जवळ आल्यावर तो का ओसरतो, हे त्यावरून दिसतं.

पायरी दुसरी: राजपत्र

'गासेता दे माद्रिद' या सरकारी राजपत्राचे जुने अंक स्पेनच्या सध्याच्या राजपत्राच्या संकेतस्थळावर, ऐतिहासिक संग्रहात आहेत. १६६१ पासून १९५९ पर्यंतचा संग्रह. शोधपेटीवर विसंबू नका, तारखेने जा. एक उपयोगी गोष्ट: या काळात राजपत्र रोज निघत असल्यामुळे त्याचा क्रमांक म्हणजे वर्षातला कितवा दिवस तेवढाच असतो. २१ मे १९२८ चा अंक क्रमांक १४२, कारण लीप वर्षात २१ मे हा १४२ वा दिवस. १७ मार्च १९२९ चा क्रमांक ७६. कुणाच्या लेखात तारीख आणि क्रमांक जुळत नसतील तर दोन्हींपैकी एक चुकलंय, हे लगेच ओळखता येतं.

दुसरी गोष्ट सहीच्या तारखेची. फर्मान ओळखलं जातं सहीच्या तारखेने, छापलं जातं नंतर. कायेहो यांचं फर्मान १९ मेचं, राजपत्रात २१ मेला. माद्रिद विद्यापीठ बंद करणारं फर्मान १६ मार्च १९२९ चं, राजपत्रात १७ ला. नोंदवहीत दोन्ही तारखा दोन स्तंभांत लिहा. नाहीतर एकाच फर्मानाची दोन फर्मानं होतात, आणि पुढच्या वाचकाला ती तिसरी वाटायला लागतात.

१६ मार्चचं फर्मान पूर्ण वाचा, सारांशावर राहू नका. त्याने माद्रिदचं विद्यापीठ ऑक्टोबर १९३० पर्यंत बंद केलं, विद्यार्थ्यांची त्या वर्षाची नावनोंदणी रद्द केली आणि कारभार सरकारने नेमलेल्या मंडळाकडे दिला. शिक्षा संप करणाऱ्यांना नव्हे, सगळ्यांना. भरलेली फी आणि वर्ष दोन्ही बुडणार म्हटल्यावर घरोघरचे पालकही सरकारच्या विरोधात गेले, आणि हाच डाव सरकारला महाग पडला. पण फर्मानात लिहिलं तसं पुढे झालं नाही. वसंतातच माघार सुरू झाली. सेव्हियाचं प्रदर्शन ९ मेला उघडणार होतं, बार्सेलोनाचं त्याच महिन्यात. परदेशी पाहुण्यांसमोर बंद विद्यापीठं सरकारला परवडणारी नव्हती. त्याच सप्टेंबरात कलम ५३ सुद्धा मागे घेतलं गेलं. म्हणून राजपत्र वाचताना एक शिस्त पाळा: फर्मान सापडलं की त्याच्या पुढच्या सहा महिन्यांचं राजपत्र चाळून ते बदललं किंवा रद्द झालं का ते पाहा.

पायरी तिसरी: चार पत्रं निवडा

स्पेनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या डिजिटल वृत्तपत्र-संग्रहात 'एल सोल', 'ला वोस', 'एराल्दो दे माद्रिद', 'ला लिबेर्ताद', 'ला नासिओन' ही पत्रं मोफत आहेत. 'आबेसे' आणि बार्सेलोनाचं 'ला व्हान्ग्वार्दिया' यांचे स्वतःचे संग्रह आहेत. सगळी वाचायची गरज नाही. एक सरकारचं, एक उदारमतवादी, एक प्रजासत्ताकवादी, एक राजनिष्ठ, एवढं पुरे.

'ला नासिओन' हे संध्याकाळचं पत्र हुकूमशाहीचंच मुखपत्र होतं, १९२५ पासूनचं. त्यातून सरकारला काय म्हणायचंय ते पूर्ण आणि न कापलेलं मिळतं, म्हणून ते आधी वाचा. 'एल सोल' सकाळचं. तत्त्वज्ञ होसे ओर्तेगा इ गासेत त्यात लिहीत, प्राध्यापकवर्ग ते वाचत असे. 'एराल्दो' संध्याकाळचं, प्रजासत्ताकवादी, रस्त्यावरच्या बातमीला जास्त जागा देणारं. 'आबेसे' सकाळचं, राजनिष्ठ, आणि छायाचित्रांसाठी सगळ्यांत उपयोगी. बार्सेलोनात काय चाललं होतं ते हवं असेल तर 'ला व्हान्ग्वार्दिया' जोडा, पण ते पाचवं पत्र म्हणून. माद्रिदच्या घटनेसाठी त्याच्यावर विसंबू नका, कारण माद्रिदची बातमी तिथे फोनने आणि सेन्सॉरच्या दोन चाळण्यांतून पोचलेली असते.

पायरी चौथी: शोध

शोधपेटीत रोमन अक्षरांतली स्पॅनिश स्पेलिंगं टाकावी लागतात. पहिला शब्द बहुतेक जण संपासाठीचा टाकतात, 'वेल्गा' (huelga), आणि जवळजवळ काहीच मिळत नाही. सेन्सॉर तो शब्द सहज जाऊ देत नसे. 'एस्कोलारेस' (escolares) टाका, 'उनिवेर्सिदाद' (universidad) टाका, 'इन्सिदेन्तेस' (incidentes) टाका. वर्गात गैरहजेरी, शालेय प्रश्न, किरकोळ प्रकार अशा मवाळ मथळ्यांखाली बातमी लपलेली असते.

यंत्राने वाचलेल्या मजकुरात चुका भरपूर. स्बेर्त (Sbert) हे नाव तर यंत्राला हमखास चकवतं, कारण स्पॅनिशमध्ये अशी अक्षरजोडी दुर्मीळ आहे. मधलं अक्षर बदलून तीन-चार रूपं शोधून पाहा. आडनावं दोन असतात आणि सूची पहिल्यावर लागते: हिमेनेस दे आसुआ 'ह' उच्चाराच्या पण 'जे' अक्षराखाली, प्रिमो दे रिवेरा 'पी' खाली. आणि शेवटी, शोध कितीही चांगला असला तरी बत्तीसच्या बत्तीस अंकांचं पहिलं आणि शेवटचं पान डोळ्यांनी पाहाच. उशिरा आलेली बातमी 'ऊल्तिमा ओरा' या मथळ्याखाली शेवटच्या पानावर बारीक टायपात असते. शोधयंत्र तिथेच जास्त अडखळतं आणि ताजी, कमी चाळलेली माहिती तिथेच असते.

भाषांतर करणारी साधनं वापरत असाल तर काही ठरलेले खड्डे आहेत. 'एस्कोलारेस' म्हणजे यंत्राच्या मते शाळकरी मुलं. इथे ते विद्यापीठाचे विद्यार्थी आहेत. 'मात्रिकुला' म्हणजे गाडीची नंबरप्लेट नव्हे, नावनोंदणी. 'क्लाउस्त्रो' हा मठाचा व्हरांडा नव्हे, प्राध्यापकांची सभा. 'कार्गा' हे ओझं नसून घोडेस्वार पोलिसांची चढाई. 'बेदेल' म्हणजे विद्यापीठाचा शिपाई, आणि बऱ्याच बातम्यांत पहिला साक्षीदार तोच असतो. 'किन्सेना' म्हणजे नुसता पंधरवडा नव्हे. खटल्याविना, प्रशासकीय हुकुमाने दिलेली पंधरा दिवसांची कैद. ताब्यात घेतलेला, खटला भरलेला आणि हद्दपार केलेला यांसाठी वेगवेगळे शब्द आहेत. तिघांना एकत्र करून 'अटक' लिहिलंत तर आकडे तिप्पट होतात.

पायरी पाचवी: कापलेला अंक वाचायचा कसा

इथे वेळ द्या. बाकीच्या पायऱ्या आवरता येतील, ही नाही.

प्रत्येक अंकात सेन्सॉरने तपासल्याचं एक छापील वाक्य असतं. त्याचं नसणं अर्थपूर्ण असू शकतं, असणं नाही. ते रोजचंच होतं. पाहायचं ते मजकुराकडे. सरकारी निवेदनं, 'नोता ओफिसिओसा', पत्रांना छापावीच लागत. प्रिमो दे रिवेराला ती लिहायची हौस होती आणि त्यांचा सूर ओळखू येतो: बापाने पोरांना दटावल्यासारखा, लांबलचक, मध्येच भावुक. ही निवेदनं चारही पत्रांत शब्दशः सारखी सापडतील. ती चार साक्षी नाहीत, एक आहे. नोंदवहीत एकच ओळ करा. मग पुढचं पाहा: कोणत्या पत्राने ते पहिल्या पानावर घेतलं, कोणी आत ढकललं, कोणी मथळा न देता छापलं. पत्राला स्वतःचं मत मांडायला उरलेली जागा एवढीच होती.

वृत्तसंस्थेच्या बातम्यांचंही तेच. बातमीच्या सुरुवातीला किंवा शेवटी फाब्रा, फेबुस किंवा मेन्चेता असं दिसलं तर ती त्या संस्थेची. फाब्रा सरकारच्या जवळची, फेबुस 'एल सोल'च्या घरातली. दोन पत्रांत फाब्राची एकच बातमी असेल तर दुसरी ओळ काढून टाका.

मग शोधा अचानक तुटणारे परिच्छेद. बातमी सांगते की सकाळी अकराला सान बेर्नार्दो रस्त्यावर गट जमला, आणि पुढचं वाक्य एकदम दुपारी शांतता असल्याचं. मधलं कुठे गेलं? अशा जागी नोंदवहीत प्रश्नचिन्ह टाका, कल्पनेने भरू नका. दुसऱ्या पत्रात तोच दुपारचा तास कुणा दुकानाच्या फुटलेल्या काचेच्या, ट्राम अडल्याच्या किंवा इस्पितळात मलमपट्टी झालेल्यांच्या बातमीतून डोकावतो. राजकीय बातमी कापणारा सेन्सॉर अपघातांच्या स्तंभाकडे तेवढं लक्ष देत नसे. मलमपट्टीच्या यादीत नाव, वय, धंदा आणि जखमेचं वर्णन असतं. पाठीवरच्या जखमा पळताना झालेल्या, हे अनुमान करता येतं पण सांभाळून.

पोलिसांच्या बातमीत तुतारीचा उल्लेख आला की सावध व्हा. चढाईपूर्वी तुतारीने तीनदा इशारा द्यायची रीत होती. सरकारी बाजू नेहमी सांगणार की तिन्ही इशारे दिले. विद्यार्थ्यांची बाजू सांगणार की एकच झाला, किंवा झालाच नाही. दोन्ही लिहून ठेवा.

पायरी सहावी: नोंदवही

साधी तक्ता-फाइल पुरते. स्तंभ आठ: घटनेची तारीख, वेळ, जागा, पत्राचं नाव, अंकाची तारीख आणि पान, सकाळ की संध्याकाळ, माहितीचा उगम, आणि नेमका दावा. घटनेची तारीख आणि अंकाची तारीख वेगळी ठेवणं सगळ्यांत महत्त्वाचं. संध्याकाळच्या पत्रात 'आज सकाळी' असतं ते त्याच दिवसाचं, सकाळच्या पत्रात 'काल' असतं ते आदल्या दिवसाचं, आणि मंगळवारच्या सकाळच्या अंकात रविवार-सोमवार दोन्ही दिवस एकत्र कोंबलेले असतात. चुका नव्वद टक्के इथेच होतात असं म्हणायचा मोह होतो. आकडा सोडा, पण इथेच होतात.

पानाची प्रत उतरवून घेताना फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस-पत्र-पान या क्रमाने द्या, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. संकेतस्थळाने दिलेलं नाव तसंच ठेवलंत तर आठवड्याने तुम्हालाच काही सापडणार नाही.

पायरी सातवी: नकाशा

त्या वेळच्या माद्रिद विद्यापीठाचं एक आवार नव्हतं. कायदा आणि तत्त्वज्ञान सान बेर्नार्दो रस्त्यावरच्या जुन्या वाड्यात, वैद्यक आतोचा रस्त्यावर सान कार्लोसमध्ये, शेतकी शाळा मोन्क्लोआला. विद्यापीठनगरीची योजना १९२७ ची, पण १९२९ मध्ये तिथे वर्ग भरत नव्हते. 'विद्यापीठात गोंधळ' एवढीच बातमी असेल तर बहुधा सान बेर्नार्दो. दोन टोकांमध्ये पुएर्ता देल सोल, जिथे गृहमंत्रालय होतं. म्हणून मोर्चे तिकडे वळत. सान बेर्नार्दोच्या जवळच नोविसिआदो हे मेट्रोचं स्थानक १९२५ पासून होतं आणि सोलला गाडी बदलून आतोचाला जाता येत असे. तासाभराच्या अंतराने दोन टोकांना झालेल्या दोन घटना एकाच गटाच्या असू शकतात, हे नकाशावर मेट्रोची रेघ ओढल्याशिवाय सुचत नाही.

रस्त्यांची नावं तपासून घ्या. आजची ग्रान व्हिया तेव्हा तीन तुकड्यांत, तीन वेगळ्या नावांनी होती: कोन्दे दे पेन्याल्व्हेर, पि इ मार्गाल आणि एदुआर्दो दातो. शेवटच्या तुकड्याचं पाडकाम आणि बांधकाम तेव्हा चालूच होतं. रस्त्यावर दगड-विटा मुबलक का होत्या, याचं उत्तर कधीकधी एवढं साधं असतं.

पायरी आठवी: सीमेपलीकडून पडताळा

फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'गालिका' संग्रहात पॅरिसची पत्रं आहेत. 'ल ताँ' वाचताना लक्षात ठेवा, ते संध्याकाळी निघायचं आणि त्यावर उद्याची तारीख असायची. १८ तारखेच्या अंकातली बातमी १७ च्या दुपारपर्यंतची. ही एक गोष्ट माहीत नसल्याने कित्येक कालानुक्रम एका दिवसाने सरकलेले दिसतात.

फ्रेंच पत्रांना माद्रिदचा सेन्सॉर लागू नव्हता, पण माद्रिदहून येणारी तार आणि फोन लागू होते. त्यामुळे बातम्या आंदाईसारख्या सीमेवरच्या गावांतून, प्रवाशांच्या तोंडून येत. आंदाई येथे उनामुनो १९२५ पासून राहत होते आणि त्यांचं व होसे ओर्तेगा यांचे भाऊ एदुआर्दो ओर्तेगा इ गासेत यांचं 'ओहास लिब्रेस' हे पत्रक तिथल्याच भागातून गुपचूप स्पेनमध्ये जाई. म्हणजे माद्रिदमधली बातमी दबलेली असते आणि सीमेवरची फुगलेली. मृतांचा किंवा अटकेचा आकडा फक्त आंदाईच्या हवाल्याने आलेला असेल तर तो नोंदवहीतच राहू द्या, लेखात नको.

छायाचित्रं

विद्यार्थी-आंदोलनाचं म्हणून फिरणारं चित्र कोणत्या सालचं, हे दोन खुणांवरून बऱ्यापैकी ठरतं. गुआर्दिया दे आसाल्तो हे पोलीस दल १९३१ नंतरच्या प्रजासत्ताकातलं. ते दिसलं तर चित्र १९२९ चं नाही. आणि पाठीमागे विद्यापीठनगरीतली तत्त्वज्ञान शाखेची नवी इमारत असेल तर चित्र १९३३ किंवा पुढचं. तीन टोकांची चकचकीत टोपी म्हणजे सिव्हिल गार्ड, आणि ती १९२९ पासून १९३६ पर्यंत कुठेही असू शकते, म्हणून नुसत्या तिच्यावरून काही ठरत नाही. समाजमाध्यमांवर मार्च १९२९ म्हणून दिसणाऱ्या चित्रांतली बरीच मार्च १९३१ च्या सान कार्लोसची असतात.

तो प्रसंग तुलनेसाठी वाचाच. २४ आणि २५ मार्च १९३१ ला राजकीय कैद्यांच्या माफीची मागणी करत विद्यार्थी वैद्यक शाखेच्या इमारतीत ठाण मांडून बसले, छपरावरून मारा झाला, सिव्हिल गार्डने गोळीबार केला, दोन्ही बाजूंनी माणसं पडली. इमारतीला लागून रुग्ण होते. सुरक्षा महासंचालक होते एमिलिओ मोला. वर्तमानपत्रांना तेव्हा बरंच मोकळं लिहिता आलं आणि १२ एप्रिलच्या नगरपालिका निवडणुका अठरा दिवसांवर होत्या. एकाच शहरात, दोन वर्षांच्या अंतराने, सेन्सॉर असताना आणि ढिला पडल्यावर विद्यार्थ्यांची बातमी किती जागा घेते, हे मोजायला याहून चांगली जोडी मिळणार नाही. मार्च १९२९ च्या एका अंकात आणि मार्च १९३१ च्या त्याच पत्राच्या अंकात विद्यार्थ्यांवरचे स्तंभ पट्टीने मोजा, सेंटिमीटरमध्ये. कंटाळवाणं काम आहे, पण हातात ठोस काही येतं.

आठवणी आणि नंतरचे दावे

प्रिमो दे रिवेराने २८ जानेवारी १९३० ला राजीनामा दिला. त्या महिन्यात विद्यार्थ्यांचा पुन्हा संप झाला होता आणि स्बेर्तला परत घ्या ही त्यातली मागणी होती. विद्यार्थ्यांनी हुकूमशहा पाडला, असं म्हणायची पद्धत तेव्हापासूनची. स्पेनचं चलन पेसेता घसरलं होतं, सैन्यातले तोफखान्याचे अधिकारी दुरावले होते, आणि जनरलांना विचारल्यावर पाठिंबा मिळाला नाही. राजीनाम्याच्या दिवसाजवळचं कारण हे होतं. विद्यार्थ्यांनी सरकारची घडी विस्कटली एवढं नक्की म्हणता येतं, आणि ते कमी नाही.

१९२९ मध्ये सरकारच्या निषेधार्थ राजीनामे दिलेल्या प्राध्यापकांची यादी पक्की ठेवा: होसे ओर्तेगा इ गासेत, लुईस हिमेनेस दे आसुआ, फेर्नांदो दे लोस रिओस, फेलिपे सांचेस रोमान, आल्फोन्सो गार्सिया वाल्देकासास. १४ एप्रिल १९३१ ला प्रजासत्ताक आल्यावर विरोधकांची संख्या मागच्या तारखेने वाढत गेली, हे सगळीकडेच होतं. उलट १९३९ मध्ये गृहयुद्ध संपून फ्रांकोची राजवट आल्यावर 'फुए'वर बंदी आली, फालान्हे या त्याच्या एकमेव पक्षाची 'सेउ' ही एकच विद्यार्थी संघटना उरली आणि बऱ्याच जणांनी आपलं १९२९ पुसून टाकलं. म्हणून आठवण कोणत्या साली आणि कोणत्या देशात लिहिली गेली, हे तिच्या मजकुराआधी नोंदवा. मेक्सिकोत निर्वासित म्हणून लिहिलेली आणि माद्रिदमध्ये फ्रांकोच्या काळात लिहिलेली आठवण एका ओळीत बसवू नका.

एखाद्या विद्यार्थ्याचं नाव पडताळायचं असेल तर माद्रिद विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या फायली राष्ट्रीय ऐतिहासिक अभिलेखागारात आहेत, आणि शिक्षण मंत्रालयाची कागदपत्रं आल्काला दे एनारेसच्या सामान्य प्रशासन अभिलेखागारात. 'पारेस' या संकेतस्थळावर त्यांच्या सूची शोधता येतात. बहुतेक ठिकाणी सूचीच दिसते, कागद नाही. मागणी पत्राने करायची असेल तर स्पॅनिशमध्ये लिहा, दोन्ही आडनावं द्या, आणि सूचीतला संदर्भ क्रमांक जसाच्या तसा उतरवा. फाइल मिळाली की आधी पाहायचं ते तो नियमित विद्यार्थी होता की 'लिब्रे', म्हणजे फक्त परीक्षेला येणारा. नुसत्या नावनोंदणीच्या आकड्यावरून 'इतक्या हजारांनी संप केला' असं लिहिणारे हा फरक विसरतात. जो वर्गात कधी बसतच नव्हता, त्याला वर्गावर बहिष्कार टाकणाऱ्यांत मोजता येत नाही.